समुद्री पाणमांजराच्या अंगावर चरबी नाही, इथून सुरुवात करू

जुळे सोलापुरातल्या एका पालकांनी विचारलं आहे: "मुलगी आठवीत आहे. दोन पाणमांजरं एकमेकांचे पंजे धरून पाण्यावर उताणी झोपली आहेत, असा व्हिडिओ तिने पाहिला. गेल्या दिवाळीत करमाळ्याकडे केत्तूरला गेलो होतो, तेव्हा नावाड्याने उजनीच्या फुगवट्यात तिला पाणमांजर दाखवलं होतं. हे दोन्ही एकच का? तसं असेल तर आपल्या समुद्रात ती का नाहीत? आणि ती नामशेष होणार आहेत, असं तिने वाचलं, ते खरं का?"

भीमेच्या काठाने पाणमांजरांच्या मागावर फिरण्यात माझी पंचवीसएक वर्षं गेली. मध्ये एक हिवाळा कॅलिफोर्नियात, माँटेरेच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरांच्या मोजणीत गेला. दोन्ही प्राणी जवळून पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नावाचा घोळ मिटवू. पाणमांजराला आपल्याकडे ऊद म्हणतात, कुणी हूद म्हणतं. उदमांजर हा मात्र वेगळाच प्राणी. तो रात्री झाडावर चढून फळं खातो, पाण्याशी त्याचं काही नातं नाही. बातम्यांमध्ये ही दोन नावं सर्रास एकमेकांच्या जागी छापली जातात आणि मग मुलांचा गोंधळ होतो. नावात मांजर असलं तरी पाणमांजर मांजराच्या कुळातलं नाही. ते मुंगसासारखं दिसतं, पण मुंगसाचंही नाही. त्याचं कूळ वीझल आणि बॅजर या प्राण्यांचं.

उजनीत सहसा दिसतं ते गुळगुळीत केसांचं पाणमांजर. वजन सात ते अकरा किलो, शेपटी चपटी, कुटुंबकबिल्याने राहणारं, मासे खाणारं आणि काठावर बीळ करून पिल्लं वाढवणारं. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. त्यातलं युरेशियन पाणमांजर २०२५ साली इंदापूर परिसरात सापडलं, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच नवल वाटलं होतं. तिसरं लहान नखांचं. ते डोंगरी ओढ्यांत, सह्याद्रीच्या दक्षिण भागात राहतं. समुद्री पाणमांजर या तिघांत नाही. ते भारतात कुठेच नाही आणि कधीच नव्हतं. तेव्हा मुलीने केत्तूरला पाहिलं ते व्हिडिओतल्या प्राण्याचं चुलत भावंड.

आता समुद्री पाणमांजराकडे वळू. देवमासा, सील, वॉलरस हे थंड समुद्रातले सस्तन प्राणी कातडीखालच्या चरबीच्या जाड थरावर जगतात. समुद्री पाणमांजराला तो थर नाहीच. दहा-बारा अंश सेल्सिअसच्या, कुठे त्याहूनही थंड पाण्यात ते जन्मभर राहतं आणि थंडीपासून त्याला वाचवतात ते फक्त केस. त्याचं खाणं, त्याची शिकार, तेलगळतीत झालेला त्याचा संहार, आजची त्याची मंद वाढ, यातली कुठलीही गोष्ट विचारली तरी उत्तर फिरून याच जागी येतं. मुलीच्या प्रकल्पाला एकच वाक्य द्यायचं झालं, तर मी हेच देईन.

केस म्हणजे किती? माणसाच्या अख्ख्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. या प्राण्याच्या अंगावर दाट जागी तेवढे, किंबहुना त्याहून जास्त, एका चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. माँटेरेला असताना शिकवण्यासाठी जपून ठेवलेला कातड्याचा एक जुना तुकडा मला हाताळायला मिळाला. माझं बालपण यंत्रमागांच्या गल्लीत गेलं. कापड हातात आलं की बोटं आपोआप ताणा-बाणा चाचपतात. तो तुकडा मी तसाच चाचपला. बोट आत गेलं, पण कातडी लागेना. केस दोन्ही अंगठ्यांनी फाकवले, त्यावर फुंकर मारली, तरी तळ दिसला नाही. वर लांब, राठ केस आणि खाली आखूड, मऊ लोकरीचा गच्च थर. त्या खालच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे ते एकमेकांत अडकून राहतात आणि मध्ये हवा कोंडली जाते. आपली वाकळ जशी थरांमधल्या हवेमुळे ऊब देते, तसंच हे. पाणी कातडीपर्यंत पोचतच नाही. हे जनावर समुद्रात जन्म काढतं, पण त्याची कातडी कोरडी राहते.

पण ही वाकळ फुकट मिळत नाही. हवा टिकवायची तर केस स्वच्छ हवेत. म्हणून ते दिवसातले कित्येक तास अंग घासतं, चाटतं, कोलांट्या घेतं, केसांत फुंकर मारतं. व्हिडिओ पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो. माझ्या मोजणीच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना होता आणि तो कधी रिकामा राहिला नाही.

केसांच्या जोडीला आतली भट्टीही सतत पेटती लागते. एवढ्याच आकाराच्या जमिनीवरच्या प्राण्यापेक्षा याच्या शरीरातलं ज्वलन दुप्पट-तिप्पट वेगाने चालतं. त्यासाठी रोज स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं खाणं लागतं. नर तीस किलोचा धरला, तरी रोजचे सात-साडेसात किलो झाले. खेकडे, शिंपले, गोगलगायी आणि समुद्री साळू हे मुख्य अन्न. समुद्री साळू म्हणजे तळाशी राहणारा, अंगभर काटे असलेला चेंडूसारखा प्राणी. जांभळे साळू वर्षानुवर्षं खाणाऱ्या पाणमांजराची हाडंसुद्धा जांभळट होतात. खारं पाणी पिऊन चालावं म्हणून मूत्रपिंडं मोठी असतात. मागचे पाय वल्ह्यासारखे झाले आहेत, त्यामुळे पाण्यात ते चपळ असतं आणि जमिनीवर मात्र खुरडत चालतं.

दगडाचा वापर मी कित्येकदा पाहिला आहे. त्यातली एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. एक मादी बुडी मारून मिनिटभराने वर आली आणि उताणी झाली. पुढच्या पायाच्या बगलेत कातडीची सैल घडी असते, तिच्यातून तिने चपटा दगड काढला आणि छातीवर ठेवला. मग दोन्ही पंजांत शिंपला धरून त्यावर आपटायला लागली. ठकठक असा आवाज किनाऱ्यावर आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. शिंपला फुटला, आतला गर तिने दातांनी ओढला, मग अंगाभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन छातीवरचा कचरा पाण्यात सोडला आणि दगड परत बगलेत ठेवला. पुढच्या बुडीनंतर तोच दगड पुन्हा बाहेर निघाला. हत्यार वापरणारे सस्तन प्राणी मोजकेच आहेत. ही मादी तर आपलं हत्यार जपून बाळगत होती.

मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, जुळं झालं तर एकच जगतं. पिल्लाच्या केसांत इतकी हवा असते की ते बुडूच शकत नाही, बुचासारखं तरंगत राहतं. आई शिकारीला जाताना त्याला केल्पच्या पट्ट्यात गुंडाळून ठेवते, म्हणजे प्रवाहाने ते वाहून जात नाही. केल्प हे समुद्राच्या तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढणारं प्रचंड शैवाल. सहा महिने आई त्याला पोसते. या काळात तिची स्वतःची भूक जवळजवळ दुप्पट होते आणि अंगावर चरबीची साठवण तर नाही. त्यामुळे पिल्लू सुटं होण्याच्या सुमाराला कित्येक माद्या अक्षरशः झिजून मरतात. हे मी मुलीला सांगावं की नाही, याचा विचार केला. आठवीतल्या मुलीला हे कळायला हवं असंच मला वाटतं.

व्हिडिओबद्दल. तो बहुधा २००७ साली प्रसिद्ध झालेला, कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या मत्स्यालयातला आहे. मोकळ्या समुद्रात पंजे धरून झोपणं क्वचितच पाहायला मिळतं. तिथे ती केल्प अंगाभोवती गुंडाळून झोपतात आणि नरांचे व माद्यांचे थवे बहुधा वेगवेगळे असतात. त्या जोडीतल्या एका मादीचं नाव न्याक. तिची हकिकत पुढे येईल.

आपल्या समुद्रात का नाहीत, याचं उत्तर. हा प्राणी उत्तर पॅसिफिकच्या थंड किनाऱ्यांवर घडला. त्याचा मूळ पट्टा जपानच्या होक्काइदोपासून क्युरिल बेटं, कामचात्का, अल्यूशियन बेटं, अलास्का असा वळसा घेत खाली मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापर्यंत होता. त्याचं अन्न तळाशी असतं आणि तळ गाठता येईल एवढ्याच पाण्यात ते जगू शकतं. खोल बुडी शंभरेक मीटरपर्यंत जाते, पण रोजचं पोट भरतं ते उथळ पाण्यात. खोल समुद्र ओलांडायचा म्हणजे त्याच्यासाठी दिवसचे दिवस उपास, आणि उपास त्याला एक दिवसही परवडत नाही. म्हणून ते किनाऱ्याला धरूनच सरकतं. उष्ण कटिबंधातल्या आपल्या समुद्रात केल्पची जंगलंही नाहीत. तेव्हा आणून सोडायचा प्रश्नच येत नाही. मुलीने तेही विचारलं असेल असं गृहीत धरतो.

आता शिकारीचा इतिहास. १७४१ साली व्हिटस बेरिंगची रशियन मोहीम परतताना एका ओसाड बेटावर अडकली. बेरिंग तिथेच वारला. वाचलेले खलाशी या प्राण्याच्या मांसावर जगले आणि परत जाताना त्यांनी शेकडो कातडी नेली. मोहिमेतला निसर्गशास्त्रज्ञ गेओर्ग स्टेलर याने त्याचं पहिलं बारकाईचं वर्णन लिहिलं. ती कातडी चिनी व्यापाऱ्यांना दाखवली गेली आणि पुढची पावणेदोनशे वर्षं रशियन, ब्रिटिश, अमेरिकन जहाजं या एका वस्तूमागे लागली. अल्यूशियन बेटांवरच्या अल्यूत लोकांना रशियनांनी जबरदस्तीने शिकारीला जुंपलं. त्या हालअपेष्टांत आणि रोगराईत त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या संपल्या. पाणमांजराबद्दल हळहळताना हे विसरणं मला योग्य वाटत नाही.

सुरुवातीला ही पाणमांजरं दीड ते तीन लाख असावीत असा अंदाज आहे. १९११ साली अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी फर सील आणि समुद्री पाणमांजरांच्या खुल्या समुद्रातल्या शिकारीवर बंदी घालणारा करार केला, तेव्हा सगळी मिळून एक-दोन हजार उरली होती, तीही तेराएक ठिकाणी विखुरलेली. कॅलिफोर्नियात ती संपलीच असं लोक धरून चालले होते. १९३८ साली बिग सर भागात बिक्सबी ओढ्याच्या मुखाजवळ पन्नासएक पाणमांजरांचा थवा लोकांसमोर आला. आज कॅलिफोर्नियात जी तीन हजारांच्या आसपास आहेत, ती सगळी त्या पन्नासांची प्रजा.

नान्नजच्या माळरानावर ज्यांनी माळढोकाची वाट पाहिली आहे, त्यांना पन्नास या आकड्याचा अर्थ मी सांगायला नको. अभयारण्य १९७९ सालचं. माझ्या तरुणपणी तिथे माळढोक हमखास दिसायचा, आता दिसला तर बातमी होते. दोन्हींत फरक कशाने पडला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. पाणमांजराचं घर शाबूत होतं. मारणं थांबलं, समुद्र तिथेच होता, खडक आणि शिंपले तिथेच होते. माळढोकाचं माळरान मात्र शेती, कालवे, वीजतारा यांनी तुकड्यातुकड्याने गेलं. कायदा दोन्हीकडे होता.

घर शाबूत होतं म्हटलं, पण ते राखण्यात पाणमांजराचाच वाटा होता. जेम्स एस्टेस आणि जॉन पाल्मिसानो या शास्त्रज्ञांनी अल्यूशियन बेटांवर दोन प्रकारच्या जागांची तुलना केली आणि १९७४ साली ती प्रसिद्ध केली. अम्चिट्काभोवती पाणमांजरं होती, तिथे केल्पचं घनदाट जंगल होतं. शेम्याभोवती ती नव्हती, तिथे तळ समुद्री साळूंनी भरलेला आणि केल्प जवळजवळ नाहीसं. साळू केल्प बुडाशी कुरतडतात, पाणमांजर साळू खातं, म्हणून केल्प उभं राहतं आणि त्याच्या आधाराने मासे वाढतात. ही साखळी किती पक्की आहे, हे १९९० च्या दशकात उलट्या बाजूने दिसलं. त्याच बेटांजवळ किलर व्हेल पाणमांजरं खाऊ लागले असं एस्टेस यांच्याच चमूने १९९८ साली मांडलं. पाणमांजरं झपाट्याने घटली आणि तळावर साळूंचं राज्य परत आलं.

आता न्याकची गोष्ट. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डीज हे तेलवाहू जहाज अलास्कात प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. सीलच्या अंगाला तेल लागलं तर चरबी त्याला निदान उबदार ठेवते. पाणमांजराचे केस तेलाने चिकटले की कोंडलेली हवा निघून जाते, थंड पाणी थेट कातडीला लागतं, आणि ते जिवाच्या आकांताने अंग चाटायला लागतं. म्हणजे तेल पोटात जातं. हजारो पाणमांजरं मेली. न्याक त्या वेळी पिल्लू होती. तिला वाचवून व्हँकुव्हरला नेलं गेलं. जगभर ज्यांच्या पंजांचं कौतुक झालं, त्यातली एक त्या तेलगळतीत पोरकी झालेली होती. २००८ मध्ये ती वारली. प्रिन्स विल्यम साउंडमधली संख्या पूर्वपदावर यायला जवळपास पंचवीस वर्षं लागली.

नामशेष होण्याच्या प्रश्नाचं उत्तर. जगात आज सव्वा लाखाच्या आसपास समुद्री पाणमांजरं आहेत. जागतिक यादीत त्यांची नोंद अजूनही 'धोक्यात' अशी आहे आणि ती योग्यच आहे, कारण ती सगळीकडे सारखी सावरलेली नाहीत. काही ठिकाणी माणसाने ती परत नेऊन सोडली. १९६९ ते १९७२ दरम्यान कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात ८९ सोडली, त्यांची आता काही हजार झाली आहेत. वॉशिंग्टन राज्यात ५९ सोडली, तीही टिकली. ओरेगॉनमध्ये ९३ सोडली आणि दहाएक वर्षांत एकही उरलं नाही. एकच प्रयोग, जवळजवळ एकाच वेळी, आणि निकाल असे. म्हणून कुणी 'आणून सोडलं की झालं' म्हणालं, की मी ओरेगॉनचं नाव घेतो.

कॅलिफोर्नियात वाढ अडली आहे ती मोठ्या पांढऱ्या शार्कमुळे. शार्क त्यांना खात नाही. चावा घेतो, चरबी लागत नाही म्हणून सोडून देतो, आणि एवढ्या जखमेने पाणमांजर मरतं. वस्तीच्या उत्तर आणि दक्षिण टोकांना हे चावे जास्त, त्यामुळे थवे पुढे सरकत नाहीत. दुसरं कारण मांजराच्या विष्ठेतून येणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी. पावसाच्या पाण्याबरोबर तो गटारांतून समुद्रात जातो, गोगलगायींमार्फत पाणमांजराच्या पोटात पोचतो आणि मेंदूला सूज आणतो. शहरातल्या अंगणात जे पडतं ते समुद्रातल्या प्राण्याला मारतं, ही गोष्ट मी भीमेकाठी शाळांमध्ये नेहमी सांगतो. नदीकाठच्या मुलांना ती लगेच पटते.

आशेची जागा म्हणून माँटेरे बे मत्स्यालयाचं काम सांगतो. आई गमावलेली पिल्लं तिथे समुद्रात परत न सोडता येणाऱ्या माद्यांच्या ओटीत घालतात. त्या त्यांना बुडी मारायला, शिंपले फोडायला शिकवतात. पिल्लाला माणसाची सवय लागू नये म्हणून कर्मचारी काळा झगा आणि चेहरा झाकणारं वेल्डरचं शिरस्त्राण घालून दूध पाजतात. अशी वाढलेली पिल्लं जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडली गेली आणि तिथली निम्म्याहून जास्त वाढ त्यांच्यामुळे आणि त्यांच्या पिल्लांमुळे झाली. ती खेकडे खातात. तेच खेकडे खाऱ्या दलदलीतल्या वनस्पतींची मुळं कुरतडतात आणि काठ पोखरतात. पाणमांजरं आल्यावर तिथला काठ ढासळण्याचा वेग कमी झाल्याचं मोजलं गेलं आहे.

अलास्कात मात्र खेकडे आणि शिंपले गोळा करणारे मच्छीमार या वाढीवर नाराज आहेत. त्यांची तक्रार खोटी नाही. मला ती ऐकताना भीमेकाठ आठवतो. उजनीच्या काठावर एका भोई आजोबांनी मला फाटलेलं जाळं पायांवर पसरून दाखवलं होतं. प्रत्येक भोकात मूठ घालून ते म्हणाले, "सर, हे पाणमांजराचं, हे कासवाचं, आणि हे आमचंच, खडकाला अडकलं तेव्हाचं." जाळ्याचे पैसे त्यांचे गेले होते, तरी तिन्हींचा दोष त्यांनी एकाच्या माथी मारला नाही. पाणमांजर वाचवायचं तर या माणसाशी आधी बोलावं लागतं.

मुलीला परत केत्तूरला नेणार असाल तर हिवाळ्यात, उजाडायच्या सुमाराला न्या. पाण्यात डोकं दिसण्याची वाट बघू नका. आधी काठावरच्या मोठ्या, उघड्या खडकांवर पाहा. पाणमांजरं ठरलेल्या जागी विष्ठा करतात. ताजी असेल तर काळपट, ओलसर असते आणि माशांचा उग्र वास येतो. वाळलेली असेल तर काडीने उकलून पाहा, आत चिलापी माशाचे खवले चमकताना दिसतील. हात लावू नका. ओल्या गाळात पाच बोटांचे, बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ असलेले ठसे मिळाले, तर शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. कळप दिसला तर नाव थांबवायला सांगा, पाठलाग करू नका. विणीच्या दिवसांत बिळाजवळ गोंगाट झाला तर मादी पिल्लं उचलून दुसरीकडे हलवते. आणि नावाड्याला विचारा, त्याच्या आजोबांच्या वेळी कळप केवढा असायचा. ते उत्तर तारखेनिशी वहीत लिहून ठेवा आणि मला पाठवा.